पाणी उडतं, मीठ उरतं

अकोल्याचा मे महिना ज्यानं एकदा काढला, त्याला पाण्याची किंमत सांगावी लागत नाही. आम्ही पोहायला शिकलो ते मामूंच्या मळ्यातल्या विहिरीत, पाठीला वाळका भोपळा बांधून. मामूंचा एकच कायदा होता : आधी बादलीनं अंग धुवा, मग उडी मारा. आता अमरावती-अकोल्याच्या नव्या वस्त्यांत एखाद्या बंगल्यामागे निळ्या फरशीचा पोहण्याचा हौद दिसतो. अशाच एका घरमालकांना मी विचारलं, ‘उन्हाळ्यात पाणी हिरवं पडत नाही का?’ ते सहज म्हणाले, ‘पडतं ना. मग सोडून देतो अन् टँकर बोलावतो.’

आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, सव्वा मीटर खोल हौदात 40 हजार लिटर पाणी मावतं. म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर. शेजारच्या गल्लीत बाया नळाची वाट पाहत असताना एवढं पाणी नालीत जातं, ते केवळ राखता आलं नाही म्हणून. आणि मंडळी, साठवलेलं पाणी राखणं हे तर वऱ्हाडाचं जुनं काम!

अकोट तालुक्यातला नरनाळा किल्ला आठवा. तिथल्या महाकाली दरवाजावरचा शिलालेख 1487 च्या सुमाराचा. त्याच गडावर वरून दगडी चौथऱ्यानं झाकलेली टाकी आहेत. चौथऱ्याला लहान लहान तोंडं ठेवलेली. झाकलेलं पाणी कमी उडतं. आणि ऊन नाही तिथे शेवाळही धरत नाही.

मशिदीतल्या वजूच्या हौदाचाही नियम होता. दहा हात लांब, दहा हात रुंद असला की तो मोठा हौद. त्यात काही पडलं तरी रंग, वास, चव बदलेपर्यंत पाणी पाक मानायचं. पाय मात्र हौदात बुडवायचे नाहीत; पाणी घेऊन काठाच्या मोरीवर धुवायचे.

रंग, वास, चव ही कसोटी शतकानुशतकं चालली. पण 1854 मध्ये लंडनच्या डॉ. जॉन स्नो यांनी दाखवलं, की कॉलरा पाण्यातून पसरतो. आणि तो पसरवणारं पाणी दिसायला नितळही असू शकतं. ब्लीचिंग पावडर 1799 पासून कापड पांढरं करायला वापरात होती. त्याच क्लोरीननं 1908 मध्ये अमेरिकेतल्या जर्सी सिटीचं पिण्याचं पाणी रोज शुद्ध होऊ लागलं. पोहण्याचे हौदही पुढे त्याच वाटेनं गेले.

पण आमचं ऊन क्लोरीनलाही सोडत नाही. सकाळी टाकलेलं औषध उघड्या हौदात दुपारपर्यंत बरंचसं संपतं. म्हणून ते दिवस मावळल्यावर, गाळणीचा पंप चालू ठेवून द्यावं. दर लिटरला एक ते तीन मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन आणि 7.2 ते 7.8 पीएच, एवढं राखलं की पुरे. पीएच चढला तर क्लोरीन असूनही कमजोर पडतं. पीएच उतरवायला ॲसिड लागतं. ते आणि ब्लीचिंग पावडर मात्र कधीही एकत्र करू नये, विषारी वायू निघतो. आणि डोळे चुरचुरवणारा तो ‘क्लोरीनचा वास’ बहुधा जास्त औषधाचा नसतोच. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीन झगडतं, त्याचा तो वास. मामूंचा कायदा इथे रसायनशास्त्रानंही खरा ठरतो.

उन्हाची दुसरी चोरी पाण्याची. या हौदातून एक सेंटिमीटर पाणी उडालं, तर 320 लिटर गेलं. पाणी उडतं, मीठ उरतं. पूर्णेच्या खोऱ्यातला आमचा खारपाणपट्टा हेच सांगतो. तिथल्या बोअरचं पाणी हौदात रोज भरलं तर मीठ आणि चुना साचत जातो, फरशीवर पांढरी पुटं चढतात. क्लोरीनला उन्हापासून वाचवणाऱ्या गोळ्यांतलं सायन्युरिक आम्लही असंच साचतं. ते फार झालं की क्लोरीन सुस्तावतं.

बाहेर वाट नसलेल्या पाण्याचं काय होतं, ते पाहायला लोणारला जावं. झऱ्यांचं पाणी आत येतं, बाहेर जात नाही. उडून जातं तेवढंच. म्हणून ते सरोवर खारं आणि अल्कधर्मी झालं. 2020 च्या जूनमध्ये पाणी आटून खारेपणा वाढला, तेव्हा मिठात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांनी ते चक्क गुलाबी केलं.

लोणारला निसर्गानं मोरी दिली नाही. आपल्या हौदाला ती आहे. महिना-पंधरवड्यानं पाणी तपासावं, क्षार वाढले असतील तर थोडंच काढून झाडांना न देता नालीत सोडावं आणि तेवढंच गोडं पाणी भरावं. बाकी दिवस हौदावर आच्छादन ओढावं, नरनाळ्याच्या टाक्यांसारखं.

त्या घरमालकांना मी एवढंच म्हणालो, ‘टँकर बोलावण्याआधी ताडपत्री बोलवा.’ ते हसले. पुढच्या भेटीत हौदावर ताडपत्री होती, आणि काठावर एक बादली.