डच निसर्गचित्रांतील भग्नावशेष व ग्रामजीवन

सतराव्या शतकातील डच निसर्गचित्रकलेचा एक विषयप्रकार. पडक्या गढ्या, मठ व किल्ले आणि त्यांच्या छायेत निर्वेधपणे चाललेला गुराखी-कोळ्यांचा नित्यक्रम यांचे एकत्र चित्रण हे त्याचे लक्षण होय. ब्रेनबर्ख, बर्खेम प्रभृती चित्रकारांनी इटलीच्या प्रभावाखाली रंगविलेले रोमन अवशेष प्राचीन होते; परंतु हॉलंडमधील अवशेष चित्रकारांच्या आजोबांनी धडधाकट उभे पाहिलेल्या वास्तूंचे होते. स्पेनच्या अंमलाविरुद्धच्या बंडाळीत, हार्लेमच्या वेढ्याच्या सुमारास (१५७२–७३), ब्रेडेरोडे व क्लीफ येथील सरदारांच्या गढ्या स्पॅनिश फौजांनी उद्ध्वस्त केल्या. एग्मंडचा किल्ला व मठ तर शत्रूला ठाणे मिळू नये म्हणून बंडवाल्यांच्याच हुकमाने पाडले गेले.

स्पेनशी झालेल्या १६०९ च्या युद्धविरामानंतर मुलखात स्वस्थता आली आणि क्लास यान्स फिस्करने हार्लेमभोवतीच्या रम्य स्थळांची जी छोटी अम्लरेखने प्रसिद्ध केली, त्यांत क्लीफची पडकी गढीही आली. पुढे यान फान खोयेनने (१५९६–१६५६) मोजक्या करड्या-तपकिरी छटांत, क्षितिज खाली ओढून व आकाशाला बहुतेक सारे चित्र बहाल करून, नदीकाठचे जीर्ण बुरूज व त्यांखालच्या होड्या रंगविल्या. ही चित्रे विकत घेणारा वर्ग मुख्यतः नागरी होता. त्याच्याच भांडवलावर बेमस्टरसारखी तळी उपसून (१६१२) सरळ रेषांची नवी शेते आखली जात असताना चित्रकार मात्र वाळूच्या टेकड्या, वाकड्या वाटा व मोडक्या भिंतींकडेच वळत, ही विसंगती लक्षणीय आहे.

याकोब फान राइसडालच्या (सु. १६२८–८२) ‘ज्यूंची दफनभूमी’ या चित्राच्या दोन आवृत्ती ड्रेझ्डेन व डिट्रॉइट येथे आहेत. त्यांतील थडगी आम्स्टेल नदीकाठच्या सपाट औडरकेर्कची आहेत; पण त्यांच्यामागचे अवशेष त्याने एग्मंड परिसरातून उचलले व खळाळता ओढा, वठलेले झाड आणि इंद्रधनुष्य ही जोड पदरची दिली. गटेने १८१६ मध्ये राइसडालला कवी म्हणून गौरविले, ते अशा रचनांमुळेच. येथे नश्वरतेचे सूचन निःसंशय आहे. मात्र तेवढ्यावरून भिंतीकडेच्या प्रत्येक गाईत वैराग्य शोधण्याची टीकाकारांची हौस अतिरेकी वाटते. राइसडालचा शिष्य होब्बेमा याच्या ब्रेडेरोडेच्या चित्रात (१६७१) पडक्या विटांसमोरच्या पाण्यात बदके निवांत आहेत, आणि चित्रकाराचे लक्षही विटांइतकेच बदकांवर आहे. रूलांट रोखमनने १६४६–४७ मध्ये किल्ल्यांची दोनशेहून अधिक रेखाटने केली. कलागुणांत ती उणी असली, तरी स्थळनिश्चितीसाठी आजही तीच दप्तरासारखी चाळावी लागतात.