बकासुराचे गाव आणि शहामृगाचे अंडे

एरंडोल म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, असे इकडची जुनी माणसे सांगतात. गावातला पांडववाडा ती दाखवतात, आणि जवळच्या पद्मालयाच्या रानात भीमाने बकासुराला मारले, असेही सांगतात. अशा मुलुखात विहीर खणताना एखादे थोराड हाड लागले, तर ते राक्षसाचे असेल, असे वाटणे साहजिक आहे. पण वाचकहो, हाड कोणाचे हे ठरवण्याची एक रीत आहे. ती समजून घ्यायला राक्षस नको. अंड्याचे टरफल पुरे.

आधी पायाखालची जमीन पाहा. आपला काळा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. त्यावर तापी, गिरणा, अंजनी या नद्यांनी गाळ आणून टाकला. कणगीत जुनी ज्वारी तळाला राहते, नवी वर पडते, गाळाचेही तसेच. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. म्हणून वस्तू कोणत्या थरात मिळाली, याला फार महत्त्व.

आता याच जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळ डोंगराच्या पायथ्याला असलेल्या पाटणे गावी चला. १९७२-७३ साली तेथे पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी उत्खनन केले. अश्मयुगीन माणसाच्या दगडी हत्यारांबरोबर शहामृगाच्या अंड्यांची कवचे निघाली. काहींचे मणी केलेले होते, आणि एका तुकड्यावर तर आडव्यातिडव्या रेघांची नक्षी कोरलेली होती! कार्बनच्या मोजणीने वय निघाले सुमारे २५,००० वर्षे.

म्हणजे खानदेशात शहामृग धावत होते? होय, धावत होते. २०१७ साली हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी भारतात सापडलेल्या अशा कवचांतून डीएनए मिळवला, आणि तो आफ्रिकेतल्या शहामृगाशी जुळला. आपल्याकडचे मात्र नाहीसे झाले.

या पक्ष्याला पंख आहेत, पण उडता येत नाही. मग पंख कशाला? कारण त्याचे पूर्वज उडत होते. पिल्ले सगळी सारखी निपजत नाहीत. कोणाचे पाय जरा बळकट, कोणाचे पंख. मोकळ्या माळावर पायांच्या जोरावर जी जगली, त्यांचीच वीण वाढली. असा फरक हजारो पिढ्या साचत गेला. डार्विनने १८५९ साली हाच नैसर्गिक निवडीचा विचार ग्रंथरूपाने मांडला. ज्यांना बदलत्या दिवसांत टिकता आले नाही, त्यांची खूण तेवढी मातीत उरली.

बकासुराची गोष्ट आजीने सांगावी, नातवंडांनी ऐकावी. त्यात काही बिघडत नाही. पण उद्या तुमच्या विहिरीत हाड किंवा टरफल लागले, तर ते उपटून फेकू नका, देव्हाऱ्यातही ठेवू नका. जागच्या जागी राहू द्या, खोली मोजा, आणि जाणत्याला बोलवा. थरातून एकदा सुटले, की ते कोणत्या काळचे हे सांगणे फार अवघड होऊन बसते.