हात राखणाऱ्या शस्त्रक्रियेची कुळकथा

खांद्याच्या मागच्या चपट्या हाडाला, म्हणजे स्कॅप्युलाला कॅन्सर झाला की एके काळी बहुधा अख्खा हातच खांद्यासकट काढावा लागे. ही शस्त्रक्रिया मुळात कॅन्सरसाठी नव्हतीच. १८०८ साली अँटिग्वा बेटावर नौदलाचे सर्जन राल्फ कमिंग यांनी गोळीने जखमी झालेल्या माणसावर ती केली. १८८७ मध्ये पॅरिसच्या पॉल बर्जे यांनी तिला शिस्त लावली: हाताकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या आधी बांधायच्या, मग हात वेगळा करायचा.

हात ठेवून नुसतं हाड काढण्याचे प्रयत्न तोवर एडिनबरोत होऊन गेले होते. रॉबर्ट लिस्टन यांनी १८१९ मध्ये गाठीसह स्कॅप्युलाचा भाग काढला, तोही भूल न देता. ईथर यायला अजून सत्तावीस वर्षं होती. त्या रोग्याने काय सोसलं असेल!

खरं वळण दिलं ते रशियन सर्जनांनी. तिखोव यांनी केलेली शस्त्रक्रिया लिनबर्ग यांनी १९२८ मध्ये एका अमेरिकन नियतकालिकातून जगापुढे मांडली. स्कॅप्युला, गळपट्टीच्या हाडाचा बाहेरचा भाग आणि दंडाच्या हाडाचं वरचं टोक काढायचं. काखेतल्या मुख्य नसा आणि रक्तवाहिन्या मात्र जपायच्या. गाठीने त्यांना वेढलं नसेल तरच हे जमतं. मग सुटा झालेला दंड उरलेल्या हाडांना टांगायचा. खांदा उतरतो, हात डोक्यावर जात नाही. पण कोपर वाकतं, बोटं चालतात. सही करता येते, शर्टाची बटणं लावता येतात. माझ्या मते या साऱ्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं पाऊल हेच.

हात वाचला तरी जीव वाचेलच असं नव्हतं, कारण रोग अनेकदा फुप्फुसात पोचलेला असे. १९७० नंतर केमोथेरपीने ते चित्र पालटलं, विशेषतः मुलांमधल्या यूइंग सार्कोमा या हाडाच्या कॅन्सरात. मोठ्यांमध्ये स्कॅप्युलात आढळणारा कॉन्ड्रोसार्कोमा हा कॅन्सर मात्र केमोला फारशी दाद देत नाही. तिथे गाठ भोवतालच्या निरोगी थरासकट निघणं, यावरच भिस्त असते.

मग ‘बरा झाला’ म्हणजे काय, हेही मोजावं लागलं. एनेकिंग आणि सहकाऱ्यांची १९९३ ची गुणपद्धत ३० गुणांची आहे. हातासाठी सहा बाबी, प्रत्येकी पाच गुण: वेदना, कामकाज, मनाने स्वीकार, हात कुठवर पोचतो, बोटांचं कसब आणि वजन उचलणं. पूर्ण स्कॅप्युला काढलेला रोगी बोटांच्या कसबात सहसा चांगले गुण मिळवतो, हात वर नेण्यात मात्र मागे पडतो. सांध्याची खोबण आणि डेल्टॉइड स्नायू राखून हाडाचा खालचा भागच काढला असेल, तर हात बराच वर जातो. म्हणून सर्जन एमआरआय बघताना आवर्जून शोधतो ती ही खोबण: गाठ तिथवर आली आहे का?