बंगाल नागपूर रेल्वे गॅरट इंजिन क्र. ८१५

बंगाल नागपूर रेल्वे गॅरट इंजिन क्र. ८१५ हे ब्रॉडगेज मार्गावर मालगाड्या ओढणारे वाफेचे इंजिन असून ते नवी दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाने जतन केले आहे. मँचेस्टरच्या बेयर, पीकॉक आणि कंपनीने बांधलेल्या 'एन' वर्गातील सोळा इंजिनांपैकी (क्र. ८१० ते ८२५) ते एक होय. सुमारे २३४ टन वजनाच्या या वर्गाची गणना भारतातील सर्वांत मोठ्या वाफेच्या इंजिनांत होते.

पार्श्वभूमी

१८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वे कंपनीने नागपूर–राजनांदगाव हा मीटरगेज मार्ग ताब्यात घेऊन त्याचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर केले आणि १८९१ पर्यंत तो आसनसोलपर्यंत नेला. जमशेदपूरचा पोलाद कारखाना सुरू झाल्यावर कोळसा व लोहखनिजाची वाहतूक झपाट्याने वाढली. चक्रधरपूर–झारसुगुडा टापूतील चढावर जड मालगाड्यांना दोन इंजिने लावणे भाग पडे. म्हणजे चालक आणि फायरमनही दुप्पट. यावर उपाय म्हणून कंपनीने १९२५ मध्ये दोन गॅरट इंजिने आणून पाहिली. 'एन' वर्ग हा त्या अनुभवाचा परिपाक होय.

रचना

हर्बर्ट विल्यम गॅरट या ब्रिटिश अभियंत्याच्या कल्पनेनुसार दोन स्वतंत्र चाकगाडे पुढे-मागे असतात आणि त्यांच्यामध्ये एकच बाष्पित्र (बॉयलर) टांगलेले असते. त्याखाली चाके नसल्याने बाष्पित्र जाड आणि अग्निपेटी खोल ठेवता येते. पुढच्या गाड्यावर पाण्याची टाकी, तर मागच्यावर कोळसा व पाणी असते. दोन्ही गाडे वळणावर स्वतंत्रपणे वळतात. 'एन' वर्गाच्या चोवीस चाकांपैकी सोळा चालक चाके आहेत. एवढे वजन अनेक आसांवर विभागले गेल्याने रूळ व पूल यांवर अवाजवी भार येत नसे.

कार्यकाळ व जतन

कंपनीच्या नावात नागपूर असले, तरी या इंजिनांचे कार्यक्षेत्र प्रामुख्याने पूर्वेकडील खनिजपट्टा हेच राहिले. १९४४ मध्ये कंपनीचा कारभार सरकारकडे गेला. १९५५ मध्ये हे मार्ग दक्षिण पूर्व रेल्वेत गेले. १९६० च्या सुमारास खनिजवाहू मार्गांचे विद्युतीकरण सुरू झाले आणि गॅरट इंजिने क्रमाने मागे पडली.

२००६ मध्ये खरगपूरच्या रेल्वे कार्यशाळेत दुरुस्ती होऊन क्र. ८१५ पुन्हा वाफेवर धावले. नागपूरच्या मोतीबाग येथे २००२ पासून असलेले रेल्वे संग्रहालय मात्र नॅरोगेजला वाहिलेले आहे. त्यामुळे ज्या कंपनीने नागपूरचे नाव धारण केले, तिचे हे इंजिन पाहण्यासाठी नागपूरकरांना दिल्ली गाठावी लागते.