मांडलेले विधेयक, झालेला कायदा

विधिमंडळात मांडलेल्या विधेयकांपैकी किती विधेयकांचे कायदे होतात, या प्रश्नाचे उत्तर विधेयक मांडतो कोण, यावर बरेचसे अवलंबून असते. सरकारी विधेयकामागे बहुमत उभे असते. ते सहसा पार पडते. खासगी सदस्याच्या विधेयकाची गत निराळी. स्वातंत्र्यानंतर संसदेत अशी अवघी १४ विधेयके कायदा झाली, त्यांतील शेवटचे १९७० साली. प्रांतांतही चित्र फारसे वेगळे नव्हते. आम्हांस येथे मुंबई प्रांतातील दोन विधेयकांविषयी लिहावयाचे आहे. दोन्ही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची. महूला जन्मलेले आणि बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकलेले बाबासाहेब आपल्या वाचकांस परके नाहीत. मात्र त्यांचे हे विधिमंडळीय कार्य आपल्या घरांतून क्वचितच वाचले जाते.

पहिले विधेयक मार्च १९२८ मधील. १८७४ च्या वतन कायद्यान्वये महार वतनदार गावकीच्या आणि सरकारच्या कामास आठही प्रहर बांधलेला असे. मोबदला काय, तर इनामी जमिनीचा तुकडा आणि रयतेने द्यावयाचे बलुते. तेही रयतेच्या मर्जीवर. वतनाची जमीन घरात, म्हणून बाप राबला तेथे मुलानेही राबावयाचे. बलुत्याऐवजी रोख वेतन मिळावे, आणि ज्यास वतन सोडावयाचे आहे त्याने पूर्ण सारा भरून जमीन राखावी, असा बाबासाहेबांचा प्रस्ताव होता. विधेयक प्रवर समितीकडे गेले. १९२९ मध्ये ते त्यांना मागे घ्यावे लागले.

दुसरे खोती नष्ट करण्याचे. कोकणात सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत बसलेला होता. खोतास वाजवी भरपाई देऊन जमीन कसणाऱ्याच्या नावे करावी, हे विधेयक त्यांनी सप्टेंबर १९३७ मध्ये पुण्याच्या अधिवेशनात मांडले. १७५ सदस्यांच्या त्या सभागृहात त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे बळ पंधराच्या आसपास. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने आले, तरी विधेयक पुढे सरकले नाही. पुढे १९३९ मध्ये बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि विषय तेथेच राहिला.

हिशेबाच्या वहीत ही दोन्ही विधेयके 'नामंजूर' याच रकान्यात पडतील. परंतु खोती निर्मूलनाचा कायदा मुंबई विधिमंडळाने १९४९ साली केला, आणि तेव्हा मुख्यमंत्री खेरच होते! दरम्यानच्या बारा वर्षांत कुळांनी किती खंड भरला, याचा रकाना मात्र कोणत्याही वहीत नाही.

वतनाला याहून अधिक काळ लागला. कनिष्ठ गाववतने नष्ट करणारा मुंबईचा कायदा १९५८ चा. म्हणजे विधेयकानंतर तीस वर्षांनी आणि बाबासाहेबांच्या निधनानंतर दोन वर्षांनी. आमच्या बेळगावकर वाचकांच्या भागास तोही लागू झाला नाही. १९२८ मध्ये बेळगाव मुंबई इलाख्यात होते, म्हणून तेथील वतनदारही त्या विधेयकाच्या कक्षेत येत होता. १९५६ च्या नोव्हेंबरात जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, आणि तेथील गाववतने संपविणारा कायदा म्हैसूरच्या विधिमंडळाने केला, तो १९६१ साली.