दुभाष्याची घडण

परभाषी मनुष्याशीं व्यवहार करावयाचा तर दुभाष्या लागतो, हें मुंबईसारख्या बंदरांत कोणास सांगावें लागत नाहीं. संगणकाचीही तीच स्थिति. शून्य आणि एक या दोन चिन्हांपलीकडे त्यास कांहीं कळत नाहीं. मनुष्याच्या सोयीच्या भाषेंतील आज्ञा त्यास समजावून देण्याचे मार्ग दोन. सबंध आज्ञालेखाचें आधींच यंत्रभाषेंत रूपांतर करितो तो कंपाइलर; आज्ञा एकेक वाचून लगेच अमलांत आणितो तो इंटरप्रिटर, म्हणजेच दुभाष्या. परंतु हा दुभाष्याही मुळांत एक आज्ञालेखच असल्यानें, त्याला कोणीतरी यंत्रभाषेंत उतरविल्यावांचून तो जागा होत नाहीं.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं 'टिफ्रॅक' हें स्वदेशी गणकयंत्र चालू झालें, तेव्हां तें चालविणाऱ्यांस यंत्राच्याच बोलीजवळ राहून लिहावें लागे. पुढें १९६४ सालीं तेथें सी. डी. सी. ३६०० हें अमेरिकन यंत्र आलें, आणि त्याबरोबर फोर्ट्रान भाषेचा कंपाइलर आयता हातीं आला. सोय झाली, परंतु आयती वस्तु वापरणें निराळें आणि ती घडविणें निराळें.

घडविण्याची ही विद्या उपनगरांत रुजली ती पवईस. १९५८ सालीं स्थापन झालेल्या तेथील आय. आय. टी. मध्यें प्रा. ढमढेरे यांनीं कंपाइलर-रचनेचें अध्यापन केलें व १९८३ सालीं त्या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८७ सालीं जी. सी. सी. हा कंपाइलर मूळ लेखासह सर्वांस खुला केला. त्याचें अंतरंग पवईच्या विद्यार्थ्यांपुढें प्रा. उदय खेडकर यांनीं उलगडून दाखविलें. हॉलंडांतील गिदो व्हान रॉसम यांची पायथन भाषाही १९९१ सालीं अशीच मूळ लेखासह प्रसिद्ध झाली.

म्हणूनच आज मुलुंडच्या किंवा बोरिवलीच्या घरांतील विद्यार्थी पायथनचा दुभाष्या स्वतः घडवूं शकतो. हा दुभाष्या मुख्यतः सी या भाषेंत लिहिलेला आहे. 'कॉन्फिगर' ही आज्ञा प्रथम घरच्या यंत्राची झडती घेते : कंपाइलर आहे काय, सहायक साहित्य कोणतें आहे. मग 'मेक' ही आज्ञा एकेक प्रकरण कंपाइलरकरवीं उतरवून सर्व एकत्र जोडविते. अलीकडील आवृत्त्यांत आधीं एक लहान दुभाष्या सिद्ध होतो आणि त्याच्या साहाय्यानें थोरला पुरा होतो. मात्र सावध असावें. ओपन-एस. एस. एल. हें साहित्य नसल्यास बांधणी बहुधा थांबत नाहीं. पण निपजलेल्या दुभाष्यास सुरक्षित संपर्क साधतां येत नाहीं. यास्तव 'मेक टेस्ट' या आज्ञेनें त्याची परीक्षा घेणें अगत्याचें.

इतकें करूनही एक प्रश्न उरतो. केन थॉम्प्सन यांनीं १९८४ सालीं प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत दाखवून दिलें कीं, मूळ लेख निर्मळ असला तरी तो उतरविणारा कंपाइलरच कपटी असेल तर निपजलेल्या वस्तूंत तें कपट शिरतें. डेव्हिड व्हीलर यांनीं २००५ सालीं त्यावर उपाय मांडला : संशयित कंपाइलर त्याच्या मूळ लेखावरून दुसऱ्या, स्वतंत्र कंपाइलरच्या साहाय्यानें दोन टप्प्यांत पुन्हां घडवावा आणि दोन्ही प्रती ताडून पाहाव्या.

व्यवहारांत दुभाष्यावर विसंबणें अटळ आहे. परंतु ज्या समाजांत दुभाषे घडविण्याची आणि पारखण्याची विद्या जिवंत आहे, तोच समाज त्यांच्या शब्दावर डोळसपणें विश्वास ठेवूं शकतो.