कोडच्या शेजारीच इमेजचं गोदाम: गिटहबची कंटेनर रजिस्ट्री कशी वापरतात?

लॅपटॉपवर झकास चालणारा प्रोग्राम सर्व्हरवर टाकला की बंद पडतो, हे डेव्हलपर मंडळींचं जुनं दुखणं. कारण बहुतेक वेळा साधं असतं. तिथे पायथनची आवृत्ती वेगळी असते, नाहीतर एखादी लायब्ररीच नसते. २०१३ साली आलेल्या डॉकरने प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं सामान एकाच गठ्ठ्यात बांधण्याची पद्धत रूढ केली. या गठ्ठ्याला इमेज म्हणतात (फोटोशी काही संबंध नाही) आणि तो सुरू केल्यावर जे चालतं तो कंटेनर.

हे गठ्ठे साठवण्याची आणि हव्या त्या मशीनवर उतरवून घेण्याची जागा म्हणजे रजिस्ट्री. बरीच वर्षं बहुतेकांसाठी ही जागा म्हणजे डॉकर हब. म्हणजे कोड एका साइटवर, इमेज दुसऱ्या साइटवर, आणि खाती-पासवर्डही दोन. गिटलॅबने मे २०१६ मध्ये ८.८ या आवृत्तीत रजिस्ट्री आपल्या आतच आणली. गिटहबची कंटेनर रजिस्ट्री सप्टेंबर २०२० मध्ये चाचणीसाठी खुली झाली आणि जून २०२१ मध्ये पक्की झाली. मधल्या काळात, नोव्हेंबर २०२० पासून, डॉकर हबने मोफत डाउनलोडवर मर्यादा घालायला सुरुवात केली. लॉगिन न करणाऱ्यांना एका आयपी पत्त्यामागे सहा तासांत १०० डाउनलोड असा तेव्हाचा हिशेब होता. कॉलेज किंवा ऑफिसमधले सगळे एकाच इंटरनेट जोडणीवर असले की हा आकडा पटकन संपतो. त्यामुळे पर्याय शोधणाऱ्यांची संख्या वाढली.

वापरायची कशी?

गिटहबच्या रजिस्ट्रीचा पत्ता आहे जीएचसीआर डॉट आयओ. इमेजचं पूर्ण नाव लिहिताना आधी हा पत्ता, मग तिरकी रेघ देऊन खात्याचं नाव, पुन्हा तिरकी रेघ, इमेजचं नाव आणि शेवटी विसर्गचिन्हापुढे टॅग. इंग्रजीतली सगळी अक्षरं लहान लिपीतली लागतात. खात्याच्या नावात मोठी अक्षरं असली तरी इथे ती लहान करावी लागतात, आणि नवख्यांची पहिली एरर पुष्कळदा इथेच येते.

आपल्या मशीनवरून इमेज चढवायची तर ‘डॉकर लॉगिन’ करताना गिटहबचा पासवर्ड चालत नाही. सेटिंग्जमधून ‘क्लासिक’ प्रकारचा टोकन काढून त्याला पॅकेज लिहिण्याची परवानगी द्यावी लागते. फक्त इमेज उतरवून घ्यायची असेल तर वाचण्याची परवानगी पुरते, आणि तेवढीच द्यावी. मग ‘डॉकर पुश’ दिलं की इमेज थरांमध्ये चढते. आधीच तिथे असलेले थर पुन्हा जात नाहीत, म्हणून दुसरी फेरी पहिलीपेक्षा लवकर उरकते.

खरी सोय मात्र गिटहब ॲक्शन्समध्ये आहे. कोड पुश झाला की इमेज आपोआप बांधून रजिस्ट्रीत जाते आणि वेगळा टोकन सांभाळावा लागत नाही. त्या कामापुरता तात्पुरता टोकन गिटहबच देतं. वर्कफ्लोच्या फाइलमध्ये पॅकेजसाठी लिहिण्याची परवानगी मात्र नोंदवलेली हवी. ती नसेल तर बाकी सगळं बरोबर असूनही रजिस्ट्री नकार देते.

दार कोणाला उघडं?

पहिल्यांदा चढवलेली इमेज गिटहबवर खासगी असते. रिपॉझिटरीशी जोडलेली इमेज तिथल्या लोकांच्या परवानग्या उचलते, पण सार्वजनिक की खासगी हा निर्णय वेगळाच राहतो. म्हणजे कोड सगळ्यांना दिसतोय आणि इमेज कोणालाच उतरवता येत नाही, असं होऊ शकतं. उलटही होऊ शकतं. शिवाय एकदा सार्वजनिक केलेली इमेज पुन्हा खासगी करता येत नाही, त्यामुळे ते बटण दाबण्याआधी आत काय आहे ते नीट पाहायला हवं.

पासवर्डची फाइल इमेजमध्ये गेली आणि पुढच्या पायरीत ती पुसून टाकली, तरी ती खालच्या थरात तशीच असते. इमेज उतरवून घेणाऱ्याला ती काढता येते. २०२४ मध्ये जेफ्रॉग या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना डॉकर हबवरच्या एका सार्वजनिक इमेजमध्ये गिटहबचा टोकन सापडला. त्याला पायथन भाषेच्या आणि पायपीआयच्या रिपॉझिटऱ्यांवर ॲडमिनचे अधिकार होते. मूळ कोडमधून टोकन काढलेला होता, पण पायथनने बनवलेल्या कंपाइल्ड फाइलमध्ये तो उरला होता. कळवल्यानंतर तो लगेच रद्द झाला आणि गैरवापर झाल्याचं आढळलं नाही. जगभरातले असंख्य प्रोग्राम जिथून लायब्ररी घेतात, तिथे अशी किल्ली चुकीच्या हाती पडली असती तर काय झालं असतं याची कल्पनाच केलेली बरी. हे डॉकर हबवर घडलं असलं तरी थरांची रचना गिटहब आणि गिटलॅबवरही तीच आहे.

म्हणून इमेज बांधताना ‘डॉकरइग्नोर’ फाइलमध्ये गुपितांच्या फाइली आणि कंपाइल्ड कचरा वगळावा. गुपित गेलंच असेल तर इमेज पुसण्याच्या आधी तो टोकन रद्द करावा.

‘लेटेस्ट’ टॅगवरही फार भिस्त ठेवू नये. टॅग ही नुसती चिठ्ठी असते, आज एका इमेजवर आणि उद्या दुसरीवर लावता येते. नेमकी तीच इमेज हवी असेल तर तिचा डायजेस्ट, म्हणजे मजकुरावरून काढलेला लांबलचक आकडा, वापरतात.

राहिला प्रश्न जुन्या इमेजच्या ढिगाचा. गिटलॅबवर सफाईचे नियम लावून ठेवता येतात. गिटहबवर पुसलेली इमेज ३० दिवसांपर्यंत परत मिळवता येते. पण सार्वजनिक इमेजची एखादी आवृत्ती ५,००० पेक्षा जास्त वेळा डाउनलोड झाली असेल, तर ती मालकालाही स्वतः पुसता येत नाही. त्यासाठी गिटहबच्या मदत विभागाकडे अर्ज करावा लागतो.